आजाराने दिलेले काम

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनाच्या समारंभात पार्किन्सन्स स्वमदत गटाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी केलेले भाषण)



आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. माझ्या आजारात हातांपेक्षा आवाजावर जास्त परिणाम झाला आहे. पंधरा-वीस मिनिटे बोललो की आवाज खाली खाली जातो आणि अखेरीस ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून हे भाषण मी लिहून आणले आहे. जमेल तेवढे मी वाचीन. उरलेली पाने माझी पत्नी वाचील. तिने ती अद्याप पाहिलेली नाहीत.

निमंत्रणपत्रिकेत माझ्याविषयी ‘आजारावर मात करून सेवेचा आदर्श निर्माण करणारे’ असे शब्द छापले आहेत. ते आपुलकीपोटी छापले गेले हे मी जाणतो. परंतु बत्तीस वर्षे बँकेत आकड्यांची मोजदाद केलेल्या माणसाला चुकीची नोंद पाहवत नाही. आजारावर मी मात केलेली नाही. पार्किन्सन्सवर आजवर कोणीही मात केलेली नाही. तो दरवर्षी थोडा पुढे सरकतो आणि मी थोडा मागे. राहिला सेवेचा प्रश्न. तिची सुरुवात कोणत्याही उदात्त हेतूने झाली नाही, ती एका रागातून झाली. आज मी सांगणार आहे ती त्या रागाची हकीकत.

बँकेत असताना सह्या पडताळणे हे माझे नित्याचे काम होते. नमुना सही आणि धनादेशावरची सही शेजारी ठेवून एका दृष्टिक्षेपात फरक ओळखावा, यात माझा हातखंडा होता. निवृत्तीनंतर चार वर्षांनी, सन २०१३ मध्ये, माझाच धनादेश ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत आला. मी संतापाने खिडकीशी गेलो. तिथल्या तरुण मुलाने अत्यंत नम्रपणे माझी जुनी सही व नवी सही माझ्यापुढे ठेवली. तो बरोबर होता. नवी सही जुन्या सहीच्या निम्म्याने होती, आणि शेवटची अक्षरे तर मुंगीएवढी झाली होती. अक्षर असे आक्रसत जाणे हे या आजाराचे एक ठळक लक्षण आहे, हे मला नंतर समजले.

त्याच्याही कितीतरी आधी दुसरे एक लक्षण येऊन गेले होते. आपला हा भाग उसाचा. हंगामात गुऱ्हाळाशेजारून जाताना काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास ज्याला येत नाही तो माणूस कऱ्हाडचा नव्हेच. मला तो वास येईनासा झाला होता. मी समजत होतो की गुऱ्हाळे कमी झाली. गंधज्ञान मंदावणे हे पार्किन्सन्सचे, कंप सुरू होण्यापूर्वी अनेक वर्षे दिसू शकणारे लक्षण आहे. पण वास येत नाही म्हणून आपल्याकडे कोण डॉक्टरांकडे जातो?

निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले ते थोडक्यात असे : मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात, त्यावर आपल्या हालचालींचा ओघ अवलंबून असतो. या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचाली मंद होतात, स्नायू ताठरतात, तोल जातो, पुष्कळांना कंप सुटतो. सर्वांनाच सुटतो असे नाही. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सन १८१७ मध्ये या विकाराचे पहिले पद्धतशीर वर्णन लिहिले ते अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्यातच भेटलेले वा दुरूनच पाहिलेले होते. त्या सहा जणांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. मी मात्र या निनावी सहा जणांचा ऋणी आहे. त्यांनी काही दिले हे त्यांना कळलेही नसेल.

निदानानंतरची दोन वर्षे मी आजार लपविला. डावा हात खिशात ठेवायचा, लग्नसमारंभात पंगतीला न बसता ‘पथ्य आहे’ असे सांगायचे, सह्या करण्याचे प्रसंग टाळायचे. लपविण्यात जेवढी शक्ती खर्ची पडली तेवढी आजाराने घेतली नसेल. पण त्याविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही. येथे बसलेल्या अनेकांनी तेच केले आहे.

आता त्या रागाकडे येतो. सन २०१८ च्या पावसाळ्यात मी अंगणात पडलो आणि खुब्याचे हाड मोडले. त्या वेळी आम्ही मुलीकडे, एका मोठ्या शहरात होतो. तिथल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. प्रश्न शस्त्रक्रियेचा नव्हता, गोळ्यांचा होता. माझी लेवोडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा असते : सहा, दहा, दोन, सहा आणि दहा. ही गोळी रक्तदाबाच्या गोळीसारखी नव्हे. तिचा अंमल काही तासच टिकतो. तो उतरला की आमचे शरीर कुलूप लागल्यासारखे बंद होते. त्या कक्षात औषधे वाटण्याच्या वेळा मात्र आठ, दोन आणि आठ अशा होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी तोंडाने काही द्यायचे नाही म्हणून आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद झाल्या, आणि नंतर त्या कक्षाच्या वेळापत्रकानुसार सुरू झाल्या. त्यात उलट्या होऊ लागल्या म्हणून मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन दिले गेले. हे औषध डोपामिनच्याच कार्यात अडथळा आणते आणि पार्किन्सन्सच्या रुग्णाला ते टाळावयाचे असते, ही गोष्ट तेव्हा ना मला ठाऊक होती, ना माझ्या पत्नीला.

तिसऱ्या दिवशी मी लाकडाचा ओंडका झालो होतो. कूस बदलता येत नव्हती, घोट गिळता येत नव्हता. बोलायचे तर आवाज नाही. मन मात्र पूर्ण जागे होते. माझ्या खाटेशी उभे राहून कोणीतरी म्हणाले, ‘पेशंट सहकार्य करत नाहीत.’ तसे कागदावरही लिहिले गेले. आयुष्यभर ज्याच्या गोपनीय अहवालात ‘सहकार्यशील’ असा शेरा पडत आला, त्याच्या नशिबी हे वाक्य आले. मला रडूही येत नव्हते, कारण चेहऱ्याचे स्नायू हलत नव्हते.

चौथ्या दिवशी रात्रपाळीला एक शिकाऊ परिचारिका आली. वय असेल एकोणीस-वीस. तिने माझ्या पत्नीला विचारले, ‘आजी, घरी बाबांच्या गोळ्या किती वाजता असतात?’ इतकेच. त्या मुलीने ते पाच आकडे आपल्या तळहातावर पेनाने लिहून घेतले, रात्रीच्या डॉक्टरांना उठवून विचारले आणि गोळ्या माझ्या वेळांना सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी उशाशी टेकून बसलो होतो आणि माझ्या हाताने पेज पीत होतो.

घरी आल्यावर मी अनेक दिवस मनातल्या मनात तक्रारअर्ज लिहीत होतो. तो पाठविला नाही. कारण हळूहळू ध्यानात आले की त्या कक्षातील कोणीही वाईट नव्हते. त्यांना ठाऊक नव्हते. आणि ज्याला ठाऊक होते, म्हणजे मला, त्याला बोलता येत नव्हते. हे ज्ञान रुग्णाच्या अंगात असते, पण ज्या क्षणी त्याची गरज लागते नेमक्या त्याच क्षणी रुग्ण मुका झालेला असतो. ते आधीच कागदावर उतरवून ठेवले पाहिजे.

म्हणून मी एक रेघी वही घेतली आणि बँकेतल्या रोजकिर्दीप्रमाणे रकाने आखले. वेळ, गोळी, जेवण, आणि शरीर ‘चालू’ की ‘बंद’. दर अर्ध्या तासाला एक नोंद. सहा आठवडे मी हे केले; अक्षर वाचवेना तेव्हा नुसत्या फुल्या मारल्या. ती वही मी या रुग्णालयात महिन्यातून एकदा येणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमना दाखविली. त्यांनी बाहेर रांग असतानाही ती पूर्ण पाहिली. जेवणानंतर घेतलेली गोळी माझ्या अंगी लागत नाही, जेवणाआधी अर्धा तास घेतलेली लागते, हे त्या फुल्यांवरून स्पष्ट दिसत होते. प्रथिनयुक्त अन्न या औषधाच्या शोषणाच्या आड येते, असे त्यांनी सांगितले. मग वही मिटून त्या म्हणाल्या, ‘काका, अशी वही ठेवायला माझ्या बाकीच्या पेशंटना शिकवाल का?’ माझ्या तथाकथित सेवाकार्याचा शुभारंभ हा असा झाला. हिशेब लिहिणाऱ्याला हिशेब शिकवायला सांगितले, एवढेच.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ, आणि मुंबईत डॉक्टर बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने सन २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी, अशी कामे पूर्वीपासून चालू होती. आपल्याकडे मात्र पाटण, ढेबेवाडी, उंब्रज, मसूर येथून एस. टी. ने येणारा रुग्ण पुण्याच्या सभेला जाऊ शकत नाही. विश्वस्तांनी पहिल्या शनिवारी दुपारी फिजिओथेरपी विभागाची खोली दिली. सन २०१९ मधल्या पहिल्या सभेला तीन माणसे आली. त्यांतले एक चुकून आले होते. त्यांना गुडघ्याचे व्यायाम हवे होते. तेही थांबले.

त्या खोलीत मी जे पाहिले ते मला बँकेच्या बत्तीस वर्षांत दिसले नव्हते. पाटणकडच्या एका शेतकरी बंधूंचे पाय दिवसभर जखडलेले असत. ते रोज सकाळची गोळी मोठ्या पेलाभर दुधाबरोबर घेत होते, कारण ‘औषध कडक असते, दुधाबरोबर घ्यावे’ असे घरच्यांनी सांगितले होते. वही लिहिली, ती डॉक्टर मॅडमना दाखविली आणि वेळ बदलली. दीड महिन्याने ते बांधापर्यंत चालत गेले. एक मावशी सुनेसह येत. सुनेची तक्रार अशी, की लग्न होऊन आल्यापासून सासूबाई आपल्याकडे पाहून कधी हसल्या नाहीत. सभेत फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितले की या आजारात चेहऱ्याचे स्नायू थिजतात, आत हसू असले तरी बाहेर उमटत नाही. ते ऐकून सूनबाई उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मावशी म्हणाल्या, ‘मी रोजच हसते गं. तुला दिसत नव्हतं होय?’

हे सारे डॉक्टरांना माहीत असतेच. पण बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णासाठी त्यांच्याकडे सात-आठ मिनिटे असतात. आम्हांला काय, निवृत्त माणसांना, वेळच वेळ!

माझा आवाज आता थांबायला सांगतो आहे. पुढील पाने सौ. वाचील.

(येथून पुढील मजकूर वक्त्यांच्या पत्नींनी वाचून दाखविला.)

स्कॉटलंडमध्ये जॉय मिल्न नावाच्या एक परिचारिका आहेत. त्यांचे पती लेस हे भूलतज्ज्ञ डॉक्टर होते. लेस तिशीच्या सुमारास असताना त्यांच्या अंगाचा वास बदलल्याचे जॉय यांना जाणवले. कस्तुरीसारखा, काहीसा कुबट वास. त्यांनी नवऱ्याला तसे सांगितले तर त्याला राग आला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी लेस यांना पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात गेल्यावर जॉय यांना तोच वास खोलीभर आला. सन २०१२ मध्ये एका व्याख्यानानंतर त्यांनी एडिंबरोचे संशोधक टिलो कुनाथ यांना उभ्या राहून प्रश्न विचारला : पार्किन्सन्सच्या रुग्णांना वेगळा वास येतो, त्याचे तुम्ही काय करता? मग त्यांची परीक्षा घेण्यात आली. रुग्णांनी आणि निरोगी माणसांनी वापरलेले बारा टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. सर्व रुग्ण त्यांनी अचूक ओळखले. निरोगी गटातल्या एकाला मात्र रुग्ण म्हटले. ती एक चूक धरली गेली. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्सचे निदान झाले. लेस सन २०१५ मध्ये वारले. या गंधाचा शोध पुढे न्यावा, असे त्यांनी पत्नीकडून वचन घेतले होते. मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्यासमवेत जॉय यांनी ते काम चालू ठेवले आणि त्वचेवरील तेलकट स्रावातील रासायनिक बदलांवर सन २०१९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

हे उदाहरण मी मुद्दाम येथे, या पानावर घातले आहे. कारण माझ्या निदानाच्या तीन वर्षे आधी माझ्याही घरात एक व्यक्ती मला सांगत होती, ‘चालताना तुमचा डावा हात हलत नाही.’ मी म्हणालो, ‘हात हलवायला मी काय कवायतीला चाललोय?’ ती पुन्हा बोलली नाही. आज ही ओळ तिलाच सर्वांसमक्ष वाचावी लागत आहे. माझा आवाज चढा होता तेव्हा मी तिचे ऐकून घेतले नाही. आता माझा आवाज बसला आहे तर माझे शब्द तिच्या तोंडून ऐकवावे लागतात. याची क्षमा मागण्याची ही जागा नव्हे, पण दुसरी जागा मला सापडली नाही.

आमच्या गटात सन २०२२ पासून शेवटचा अर्धा तास काळजी घेणाऱ्यांचा असतो. आम्ही रुग्ण आत बसतो, ती मंडळी बाहेरच्या व्हरांड्यात. तिथे काय बोलतात हे आम्ही विचारायचे नाही असा नियम आहे. कधी हसण्याचा आवाज येतो, कधी बराच वेळ काहीच येत नाही. माझ्या मते गटाचे सर्वांत मोलाचे काम त्या व्हरांड्यात होते, आणि त्यात माझा काडीचाही वाटा नाही.

आता रुग्णालयाशी संबंधित कामाविषयी. गोळ्यांच्या वेळेचा अनुभव मला एकट्यालाच आला असे नाही. ब्रिटनमधील पार्किन्सन्स रुग्णांच्या संघटनेने सन २००६ मध्ये ‘गेट इट ऑन टाइम’ नावाची मोहीमच सुरू केली, कारण दाखल झालेल्या रुग्णांची तिथेही हीच गत होत होती. सन २०१८ मध्ये तिकडच्या नाइस या शासकीय संस्थेने दर्जाचा निकष म्हणून लिहून ठेवले की रुग्णालयातील पार्किन्सन्सच्या रुग्णाला लेवोडोपा त्याच्या ठरलेल्या वेळेच्या तीस मिनिटांच्या आत मिळाले पाहिजे. हे वाचल्यावर मला वाटले, त्या शिकाऊ मुलीने तळहातावर लिहिले ते हेच.

तेव्हा आम्ही एक चिठ्ठी तयार केली. खिशात मावेल एवढी, मराठीत आणि मागे इंग्रजीत. ‘मला पार्किन्सन्स आहे. माझ्या गोळ्यांच्या वेळा अशा आहेत. मी हळू उत्तर देतो, थांबा. उपाशी ठेवायचे असल्यास गोळ्यांचे काय करावे हे माझ्या डॉक्टरांना विचारा.’ आणि टाळावयाच्या औषधांची यादी : मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल. यादी डॉक्टर मॅडमनी तपासून सही केली आहे. त्यांनी आणखी एक भर घातली. आपल्याकडे आम्लपित्तासाठी लेवोसल्पिराइड आणि चक्कर येते म्हणून सिनारिझिन वा फ्लुनारिझिन पुष्कळदा महिनोन्महिने चालू राहते. या औषधांनी पार्किन्सन्ससारखीच लक्षणे निर्माण होऊ शकतात वा असलेली वाढू शकतात. गटातल्या एका काकूंना मुळात पार्किन्सन्स नव्हताच. पित्ताची गोळी डॉक्टरांनी बंद केली आणि काही महिन्यांत त्या सुधारल्या. त्या आता आमच्याकडे चहाची व्यवस्था पाहतात.

अधिसेविका बाईंनी दाखल रुग्णाच्या खाटेला नारिंगी पाटी अडकविण्याची पद्धत सुरू केली, तीवर पाच वा सहा वेळा खडूने लिहिलेल्या असतात. सर्वांना सर्व गोळ्या वेळेवर मिळतात असे मी म्हणणार नाही. पहाटे सहाची गोळी अजून चुकते, कारण तेव्हा पाळी बदलत असते. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

फिजिओथेरपी विभागाच्या मार्गिकेतील आडव्या पिवळ्या रेघांविषयी अनेक जण विचारतात. आमचे पाय अचानक जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात आणि वळणावर. जो माणूस उंबरठ्यावर दहा मिनिटे खिळून राहतो तोच जिना मात्र सहज चढतो, कारण ओलांडायला समोर काही दिसले की पाऊल उचलले जाते. म्हणून या रेघा. प्रथम आम्ही चिकटपट्ट्या लावल्या. त्या फरशी पुसताना निघाल्या. मग रंगाऱ्याला सांगितले, तर त्याने फार सुबक रेघा काढल्या, पण उभ्या! त्यांवरून आम्ही कोणीच एक पाऊलही उचलू शकलो नाही. त्या पुसून आडव्या काढल्या. ज्याला गरज आहे त्यालाच विचारावे लागते, हे त्या दिवशी रंगाऱ्यालाही पटले.

जमाखर्चात खर्चाची बाजू दडवता येत नाही. आमच्या गटात एस. टी. चे एक निवृत्त चालक होते. चाळीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी कोणाकडून तरी ‘मुळापासून बरे करणारे’ चूर्ण आणले आणि गोळ्या एकदम सोडल्या. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेवोडोपा असते हे खरे आहे, आयुर्वेदाला कंपवात पूर्वीपासून ठाऊक आहे हेही खरे. पण त्या पुडीत काय आणि किती होते हे कोणालाच माहीत नव्हते. मी त्यांच्या घरी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘तू डॉक्टर आहेस का?’ मला ते लागले. तिसऱ्या वेळी मी गेलो नाही. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले, न्यूमोनिया झाला आणि गेले. गोळ्या अचानक तोडणे जिवावर बेतू शकते, हे मला ठाऊक होते. माझा मान माझ्या माहितीपेक्षा मोठा ठरला. आता गटात नियम आहे : तीनदा जायचे, आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाने जायचे.

सन २०२० च्या टाळेबंदीत सभा बंद पडल्या तेव्हा आम्ही दूरध्वनीवरून एकमेकांच्या गोळ्या किती शिल्लक आहेत ते विचारत होतो. कोणाची संपत आली की ज्याच्याकडे त्याच मात्रेची जादा असेल त्याने डॉक्टरांना विचारून काही दिवसांपुरती द्यायची आणि रुग्णालयाच्या औषधविक्री विभागाने परत करायची. उसनवारीचे ते खाते शेवटी पै न् पै जुळले. बँकेतही असा ताळेबंद मी क्वचित पाहिला.

नवे सदस्य एकच प्रश्न विचारतात : बरे करणारे औषध कधी निघणार? त्यांना मी टॉम आयझॅक्स यांच्याविषयी सांगतो. या इंग्रज गृहस्थांना वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निदान झाले. सन २००२ ते २००३ या काळात त्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याने सुमारे ४,५०० मैलांची पदयात्रा करून संशोधनासाठी निधी जमविला. सन २००५ मध्ये चार रुग्णांनी मिळून स्थापन केलेल्या क्युअर पार्किन्सन्स ट्रस्टचे ते एक संस्थापक. सन २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. या संस्थेने ज्या औषधांच्या चाचण्यांना पाठबळ दिले त्यांत मधुमेहावरील एक्सेनाटाइड हे एक होते. सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहान चाचणीने मोठी आशा निर्माण केली होती. मग १९४ रुग्णांवर ९६ आठवडे मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष सन २०२५ मध्ये आला : या औषधाने आजाराची गती मंदावत नाही.

हे सांगितल्यावर खोलीत शांतता पसरते. मला त्या १९४ जणांविषयी विलक्षण आदर वाटतो. जवळजवळ दोन वर्षे दर आठवड्याला सुई टोचून घ्यायची, ती औषधाची की नुसत्या पाण्यासारख्या द्रवाची हे ठाऊक नाही, आणि अखेरीस उत्तर ‘नाही’ असे. पण त्या उत्तरामुळे आता कोणी या मार्गावर आणखी दहा वर्षे घालविणार नाही. बँकेत आम्ही खोटी नोट बाजूला काढत असू तेव्हा कोणाच्या खात्यात काही जमा होत नसे. तरी ते काम कोणी निरुपयोगी मानले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सन २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक माणसांना हा आजार होता. त्यांतले बहुसंख्य कधीही किनारा चालणार नाहीत, चाचणीतही असणार नाहीत. त्यांच्याजवळ देण्याजोगे जे आहे ते म्हणजे त्यांच्या वहीतली फुली.

माझ्या स्वतःच्या वहीत ‘बंद’ चे रकाने वाढत आहेत. पुढील वर्षी गटाचे हिशेब ढेबेवाडीच्या एका निवृत्त शिक्षिका पाहतील. त्यांना निदान होऊन दोन वर्षे झाली आहेत आणि त्यांचे अक्षर अजून सुरेख आहे. मी चिठ्ठ्या वाटीन, जोवर हातातून सुटत नाहीत तोवर.

एक विनंती देणगीदारांना आहे. आपण या संस्थेला सोनोग्राफी यंत्र दिले, रुग्णवाहिका दिली. आम्हांला आठ भिंतीवरची घड्याळे हवी आहेत, मोठ्या आकड्यांची, प्रत्येक कक्षात खाटेवरून दिसतील अशी, आणि त्यांचे सेल बदलण्याची जबाबदारी घेणारा एक माणूस. पुरुष शल्य कक्षातले घड्याळ गेल्या दिवाळीपासून सव्वाचारवर थांबलेले आहे. नारिंगी पाटीवर सहाची वेळ लिहून उपयोग काय?

पुढची सभा येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता, नेहमीच्याच खोलीत आहे. दोनची गोळी घेऊन यावे. व्हरांड्यात बसणाऱ्यांसाठी या वेळी खुर्च्या वाढविल्या आहेत.